तळहातावरचा शुक्रवार

लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची रीत अजून पुरती मोडलेली नाही. भांड्यांच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला एक माणूस स्टुलावर बसलेला असतो. चष्मा नाकावर घसरलेला, हातात वायर लावलेलं पेनासारखं यंत्र. पातेलं मांडीवर घेऊन तो विचारतो, ‘नाव काय घालू?’ आणि घर्र आवाज करत काठाखाली ‘चि. सौ. कां.’पासून तारखेपर्यंत सगळं उमटवून देतो. यंत्र येण्याआधी हेच काम बारीक छिन्नी आणि हातोडीनं, ठिपक्याला ठिपका जोडत व्हायचं. समजा, त्या कोरलेल्या नावात कुणी काळी शाई चोळली, वरवरची शाई फडक्यानं पुसून घेतली आणि ओलसर कागद त्यावर जोरानं दाबला, तर नाव कागदावर उतरेल. उलटं उतरेल, पण उतरेल. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातल्या सोनारांनी जे केलं, ते एवढंच. भांड्याऐवजी त्यांनी तांब्याचा सपाट पत्रा घेतला आणि नावाऐवजी चित्र कोरलं.

साल कोरलेलं सर्वांत जुनं ज्ञात ताम्रछापचित्र 1446चं आहे. विषय: ख्रिस्ताला खांबाला बांधून फटके मारताहेत. कोरणाऱ्याचं नाव मागे राहिलं नाही, म्हणून अभ्यासक त्याला ‘1446 सालचा उस्ताद’ म्हणतात. हे चित्र एकटं नाही, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या मालिकेतलं ते एक पान आहे. म्हणजे ही कला आपल्याला पहिल्यांदा साल सांगून भेटते, तीच या विषयाचा हात धरून. पुढची दीडशे वर्षं तिनं तो सोडला नाही.

तांब्यावर कोरणं आपल्याला नवं नव्हतं. राष्ट्रकूटांचे आणि शिलाहारांचे ताम्रपट त्याहून कित्येक शतकं जुने आहेत. पण आपल्या कोरक्यानं अक्षरं सुलटी कोरली, कारण तो पत्रा स्वतःच वाचायचा होता. गाव कुणाला दिलं, सीमा कुठवर, हे एका घराण्यानं जपून ठेवायचं. त्याच्या शंभर प्रती कुणाला हव्या होत्या? तांब्याच्या पत्र्यावरून छापणं आपल्याकडे फार उशिरा आलं. 1805मध्ये मिरजेत भगवद्गीता अशा पत्र्यांवरून छापली गेली. या पुस्तकातली मुख्य चित्रं त्याआधी सुमारे तीनशे वर्षांची आहेत, आणि ती झाली न्यूरेंबर्ग नावाच्या व्यापारी शहरात, जिथे शंभर प्रती हव्या असणारी माणसं भरपूर होती.

विषयाबद्दल थोडं आधी सांगायला हवं, कारण शब्दानंच घोटाळा होतो. ‘पॅशन’ म्हटलं की आज स्वयंपाकाची पॅशन, ट्रेकिंगची पॅशन डोळ्यांपुढे येते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोसणं. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘दुःखसहन’ म्हणतात, आणि तो शब्द मला मुळाइतकाच नेमका वाटतो. गुरुवारी रात्री गेथसेमाने बागेत येशू प्रार्थना करतो, त्याचाच शिष्य यहूदा चुंबन घेऊन त्याला पकडून देतो, रातोरात प्रमुख याजक कयफापुढे आणि सकाळी रोमी सुभेदार पिलातापुढे त्याला उभं केलं जातं. मग फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावर क्रूस, गुलगुथाची टेकडी, मरण आणि परक्याच्या कबरीत दफन. सगळं मिळून चोवीस तासांच्या आतलं. तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान. वसईच्या गावांत उपवासकाळात ‘क्रूसाची वाट’ चालणाऱ्यांना, किंवा गोव्यात पवित्र आठवडा पाहिलेल्यांना, यातला प्रत्येक मुक्काम तोंडपाठ असतो. इतरांनी एवढा क्रम ध्यानात ठेवला तरी पुढची पानं उलगडतील.

ही कथा मराठीत फार जुनी आहे, हेही इथेच सांगून टाकतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओवीत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ 1616मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्या, सगळा कारभार शब्दांचा. आता आपण जे उघडणार आहोत ते नेमकं त्याच्या उलट टोकाला आहे. आल्ब्रेख्त ड्युररनं 1507 ते 1513 या काळात तांब्यावर कोरलेली सोळा चित्रं. त्यांत मजकुराची एक ओळही नाही. कोपऱ्यात कुठेतरी एक इवलीशी पाटी, तिच्यावर ‘ए’च्या पायांत अडकवलेला ‘डी’ आणि साल. बस.

ड्युरर सोनाराचा मुलगा. वडील हंगेरीहून येऊन न्यूरेंबर्गला स्थायिक झालेले, त्यांचंही नाव आल्ब्रेख्तच. मुलगा आधी वडिलांच्या पेढीवरच हत्यार धरायला शिकला, मग 1486मध्ये मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीला लागला. त्याचा धर्मपिता आन्टोन कोबेर्गर हा त्या काळातल्या जर्मनीतला मोठा छापखानदार. एका बाजूला सोनारकाम, दुसऱ्या बाजूला छापखाना. या मुलानं पुढे काय करावं, हे जणू घरातच ठरलेलं होतं. उमेदवारी संपवून तो फिरतीवर निघाला आणि 1492मध्ये कोलमारला पोचला, मार्टिन शोनगाउअरला भेटायला. शोनगाउअर आदल्याच वर्षी वारला होता. त्याच्या भावांनी पाहुण्याची नीट सरबराई केली, पण गुरू म्हणून मनात धरलेला माणूस काही भेटला नाही.

शोनगाउअरची चित्रं मात्र त्याला आधीच भेटली होती. तोही सोनाराचाच मुलगा. ताम्रछापाला सोनारकामाच्या दुकानातून उचलून चित्रकलेच्या ओट्यावर आणून बसवणारा पहिला मोठा हात त्याचा. त्यानं बारा पत्र्यांची दुःखसहनाची मालिका कोरली, आणि त्याखेरीज ‘क्रूस वाहणारा ख्रिस्त’ हा एक भलामोठा पत्रा, रुंदी जवळजवळ 43 सेंटिमीटर. त्या काळी एवढा पत्रा कोरणं म्हणजे पैज लावण्यासारखं. पन्नासहून अधिक माणसं, घोडे, कुत्रा, आकाशात दाटून येणारा काळोख, आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध क्रूसाखाली वाकलेला एकजण मान वळवून थेट आपल्याकडे बघतो. बाकीच्यांना आपली खबरच नाही. ते चित्र या पुस्तकात घडी घालून दिलं आहे, ते उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता हत्याराबद्दल, कारण ते हातात धरल्याशिवाय ही चित्रं कळतात असं मला वाटत नाही. ब्युरिन म्हणजे पोलादाची बोटभर लांबीची बारीक सळई, टोक तिरपं घासलेलं, मागे अळंबीच्या टोपीसारखी लाकडी मूठ. ती मूठ तळहाताच्या खळग्यात बसते आणि हत्यार पुढे ढकलायचं असतं. पेन्सिल आपण ओढतो, ब्युरिन रेटावं लागतं. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर ठेवतात. वळणदार रेघ हवी असेल, तर हत्यार जवळपास स्थिर राहतं आणि डावा हात खालचा पत्रा फिरवतो. विद्यार्थिदशेत मी एकदा हे करून पाहिलं. पहिली अर्धा इंच रेघ मनासारखी गेली, हत्याराच्या टोकापुढे केसासारखी तांब्याची कुरळी तार उठत गेली आणि मला वाटलं, जमलं. पुढच्याच क्षणी टोक सटकलं, पत्र्यावर आडवा ओरखडा आणि डाव्या अंगठ्यातून रक्त. कागदावरची चूक खोडता येते. तांब्यावरची खरवडायची, घोटून सपाट करायची, मागून हलके ठोकून वर आणायची आणि पुन्हा कोरायची. त्या दिवशी माझी एकूण कमाई अर्धा इंच.

तांब्याला होणाऱ्या जखमा आणि ख्रिस्ताच्या जखमा अशी जोडी लावून चार सुंदर वाक्यं लिहिण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो. मी तो टाळणार आहे. ड्युररला पत्र्याची कणव आली असेल असं वाटत नाही. त्याला रेघ स्वच्छ हवी होती.

चर कोरून झाले की शाई. काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल यांची दाट, चिकट शाई पत्रा कोमट करून चरांत चोळायची. मग मलमलीच्या बोळ्यानं आणि शेवटी तळहाताच्या कडेनं पत्रा पुसायचा, असा की वर चकचकीत तांबं दिसावं आणि शाई फक्त चरांत राहावी. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीच्या घड्या, आणि सगळं दोन रुळांमधून पिळून काढायचं. कागद चरांत घुसतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून ताम्रछापातली रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि पत्र्याच्या कडांचा दाब चित्राभोवती चौकट सोडतो.

लाकडी ठशाचं सगळं उलटं. तिथे नको असलेला भाग खोदून काढतात आणि उंच राहिलेल्या कडांना शाई लावतात, अगदी खिळ्यांसारखी. त्यामुळे लाकडी ठसा आणि मजकूर एकाच यंत्रावर एका दाबात छापता येतो. ताम्रछापाला वेगळं यंत्र, वेगळा दाब. ड्युररच्या तांब्यावरच्या मालिकेत मजकूर नाही, याचं एक साधं कारागिरीचं कारण हे आहे. 1511मध्ये त्यानं लाकडी ठशांच्या दोन दुःखसहन-मालिका पुस्तकरूपानं काढल्या, ‘थोरली’ बारा चित्रांची आणि ‘धाकटी’ सदतीस चित्रांची. दोन्हींत बेनेडिक्टुस खेलिडोनियुस या बेनेडिक्टाइन साधूचे लॅटिन श्लोक छापले आहेत. तांब्याची मालिका मात्र सुटी पानं म्हणून निघाली. ज्यानं घेतली त्यानं ती आपल्या प्रार्थनेच्या पोथीत बांधावी, चिकटवावी, रंगवावी. शब्द ज्याचे त्यानं आणावेत.

तांब्याकडे वळण्यामागे पैशाचंही कारण होतं, आणि पैशाबद्दल ड्युरर कधीच लाजला नाही. लाकडावर तो बहुतेकदा चित्र काढून द्यायचा, खोदायला वेगळा कारागीर. तांब्यावर रेघन् रेघ त्याची स्वतःची. 1509मध्ये फ्रँकफुर्टच्या एका व्यापाऱ्यासाठी वेदीचं मोठं चित्र रंगवताना त्यानं पत्रातून कुरकुर केली आहे की असल्या कामात वर्षं जातात, त्यापेक्षा कोरीवकामाला धरून बसलो असतो तर आज हजार गुल्डननी श्रीमंत असतो. त्याची बायको आग्नेस फ्रँकफुर्टच्या जत्रेत नवऱ्याची छापचित्रं विकायला बसायची, आई न्यूरेंबर्गच्या बाजारात. 1520-21मध्ये तो नेदरलँड्सला गेला तेव्हा त्यानं जमाखर्चाची वही ठेवली. त्या वहीत अँटवर्पची एक नोंद आहे. एका गिऱ्हाइकानं लाकडी ठशांच्या सोळा ‘धाकट्या’ मालिका चार गुल्डनला घेतल्या आणि तांब्याच्या सहा तीन गुल्डनला. हिशेब करून पाहा. सदतीस लाकडी चित्रं पाव गुल्डनला, सोळा ताम्रचित्रं अर्ध्या गुल्डनला. एका चित्रामागे तांब्याचा भाव साडेचार पटींहून चढा. त्याच प्रवासात त्यानं नेदरलँड्सची कारभारीण मार्गारेट हिला तांब्याचीच मालिका नजराणा म्हणून पाठवली. नजराणा कशाचा करावा, हे त्याला कळत होतं.

आणि हे अर्ध्या गुल्डनचं धन केवढं? प्रत्येक पत्रा जेमतेम बारा सेंटिमीटर उंच, साडेसात सेंटिमीटर रुंद. टपालाच्या पोस्टकार्डाहून लहान. या पुस्तकात चित्रं त्याच आकारात छापायची यावर मी अडून बसलो होतो. मोठी करून छापली की ती भित्तिचित्रांसारखी भारदस्त दिसतात, आणि नेमकी तिथेच चुकतात. देवळातलं मोठं चित्र शंभर माणसं एकदम पाहतात. हे चित्र एका वेळी एकाच माणसाला पाहता येतं, आणि तेही वीतभर अंतरावरून. न्यूरेंबर्गच्या लोकांना सार्वजनिक दुःखसहन हवं असेल तर त्याची सोय होतीच. आडाम क्राफ्ट या शिल्पकारानं शहराबाहेरच्या योहानाच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर क्रूसाच्या वाटेचे सात दगडी मुक्काम उभे केले होते. लोक चालत जाऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकत. पुढे ड्युररलाही त्याच दफनभूमीत पुरलं. पण ही सोळा पानं घराच्या आत, दिव्याजवळ, एकट्यानं चालायची वाट आहे.

दिव्याजवळ म्हणालो ते मुद्दाम. एका परदेशी संग्रहालयाच्या छापचित्रांच्या खोलीत मी यांतली काही मूळ पानं पहिल्यांदा पाहिली. तोवर पुस्तकांतल्या छायाचित्रांवरून माझा ग्रह होता की ही चित्रं काळी आहेत. पेटीतून पान बाहेर आलं, टेबलावरचा दिवा वळवला, आणि लक्षात आलं की काळं असं काही त्यात नाहीच. नुसत्या रेघा. जिथे रात्र दाट, तिथे रेघांवर रेघा, त्यांवर तिरप्या रेघा, मधल्या इवल्या चौकोनांत ठिपके. जिथे उजेड, तिथे कोरा कागद. या माध्यमात उजेड काढता येत नाही, फक्त सोडता येतो. अंधार तेवढा मेहनतीचा.

1508चा बागेतला पत्रा बघा. या प्रसंगाच्या असंख्य चित्रांत ख्रिस्त हात जोडून शांतपणे गुडघे टेकून बसलेला असतो. इथे त्यानं दोन्ही हात वर फेकले आहेत. बुडणारा माणूस फेकतो तसे. पुढच्या बाजूला शिष्य गाढ झोपेत, वर देवदूताभोवती उजेडाचा एक तुकडा, बाकी सगळी रात्र. त्याच वर्षीच्या पुढच्या पत्र्यात यहूदा चुंबन घेतोय आणि मागचा शिपाई त्याच क्षणी ख्रिस्ताच्या डोक्यावरून दोराचा फास टाकतोय. खाली पेत्र हा शिष्य प्रमुख याजकाच्या मल्ख नावाच्या नोकराला आडवा पाडून त्याच्यावर तलवार उगारून उभा. तळहाताएवढ्या जागेत तीन कृत्यं एकाच क्षणी घडतात, आणि मधला चेहरा मात्र डोळे मिटून स्तब्ध आहे. कुणालाही न रोखणारा तो चेहरा कोरताना ड्युररनं किती कमी रेघा वापरल्या, ते भिंगातून मोजण्यासारखं आहे.

मालिकेत शेवटचं भोजन नाही, यरुशलेमेत गाढवावरून प्रवेश नाही, क्रूसावर खिळे ठोकणंसुद्धा नाही. ‘धाकट्या’ लाकडी मालिकेत या सगळ्यांना जागा आहे, तिची सुरुवात तर आदाम-हव्वेपासून होते. तांब्यावर ड्युररनं कात्री चालवली. पहिलं पान 1509चं. खांबाजवळ उभा ख्रिस्त, हातात चाबूक आणि फोक, खाली त्याची आई मरिया आणि शिष्य योहान. हा प्रसंग कथेत कुठेच नाही, ते ध्यानासाठीचं रूप आहे. आणि त्यानंतर थेट बाग. रात्रीतच प्रवेश. पत्र्यांवरची सालं पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. 1507मध्ये एक, 1508मध्ये दोन, 1509 आणि 1511मध्ये एकेक, आणि मग 1512 या एकाच वर्षात दहा. आधी रेंगाळलेलं काम त्यानं एका दमात हातावेगळं केलं. त्या दहांमध्ये मला सर्वांत जड वाटतो तो पिलाताचा हात धुण्याचा प्रसंग. मोठा अधिकारी निवांत बसून हात धुतोय, नोकर पाणी घालतोय, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं आहे त्याला मागच्या मागे घेऊन जात आहेत. कुणी ओरडत नाही. कचेरीत काम उरकल्यावर जशी शांतता असते, तशी आहे.

पुढचे काही पत्रे मी भराभर उलटतो. कबरीत ठेवणं, अधोलोकाच्या दारात वाकून जुन्या पूर्वजांना हात देऊन बाहेर काढणं (ही कथा शुभवर्तमानांत नाही, नंतरच्या एका ग्रंथातली आहे), पुनरुत्थान. कारागिरी तीच, पण जिथे विजय दाखवायचा असतो तिथे ड्युररचा हात किंचित सरावाचा होतो, असं मला वाटतं. आणि सोळावा पत्रा, 1513चा, तर या मालिकेत पाहुण्यासारखा आहे. पेत्र आणि योहान मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्या भिकाऱ्याला बरं करतात. प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांतला, दुःखसहन संपल्यानंतरचा. त्याचं इथे काय काम, हे मला अजून पटलेलं नाही. पण त्या भिकाऱ्याचा चेहरा इतका कसून कोरला आहे की पान काढून टाकायला मन होत नाही.

चेहऱ्यांबद्दल एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. या चित्रांतले छळ करणारे विद्रूप आहेत. वेडीवाकडी नाकं, उघडी तोंडं, विचित्र टोप्या. शोनगाउअरपासून हीच रीत. बघणाऱ्याला त्यांत ‘यहुदी’ ओळखता यावेत, अशीच ती बेतलेली असत. पिलाताच्या डोक्यावर पागोटं येतं, कारण त्या वेळचा शत्रू तुर्क होता. न्यूरेंबर्गनं आपल्या यहुदी रहिवाशांना 1499मध्ये शहराबाहेर काढलं, ड्युरर तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. ती घरं रिकामी झाली त्याच गावात, काही वर्षांनी, ही पानं कोरली गेली. करुणेची म्हणून पाहिली जाणारी चित्रं शेजाऱ्याबद्दलचा द्वेषही घरोघर पोचवत होती. मधल्या चेहऱ्याच्या शांततेवर भाळताना कडेच्या चेहऱ्यांवरून नजर सरकू देऊ नये.

ड्युररच्या मागे आणि बरोबर जे आले, त्यांच्यासाठी या पुस्तकात शेवटचा भाग राखला आहे. लेडनच्या लुकासनं 1509मध्ये नऊ गोल चित्रांची मालिका केली. त्याचं जन्मसाल जुने चरित्रकार देतात तेच धरलं, तर तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षीचा त्याचा ‘पाहा हा मनुष्य’ हा पत्रा, पिलात ख्रिस्ताला गर्दीपुढे आणतो त्या प्रसंगाचा, मला ड्युररच्याही एक पाऊल पुढचा वाटतो. समोर भर चौकातली गर्दी, हातवारे, कुजबुज, गावातली घरं. आणि ज्याला पाहा म्हणतात तो मागे दूर ओट्यावर, बोटाच्या पेराएवढा. सार्वजनिक अन्याय बहुतेकदा असाच दिसतो, लांबून आणि लोकांच्या डोक्यांवरून. दीडशे वर्षांनी रेम्ब्रांटनं तोच ओटा उचलला. ड्युरर आणि लुकास 1521मध्ये अँटवर्पला भेटले, ड्युररनं त्याचं चित्र काढलं आणि आपली आठ गुल्डनची चित्रं देऊन लुकासची सगळी घेतली. दोघा कारागिरांनी एकमेकांना दिलेली याहून मोठी दाद कोणती असेल?

नक्कल करणारेही आलेच. बोलोन्याचा मार्कान्टोनिओ रायमोंदी यानं ड्युररच्या लाकडी ठशांच्या हुबेहूब नकला तांब्यावर कोरल्या, मरियेच्या चरित्राच्या मालिकेत तर ‘एडी’च्या सहीसकट. ड्युररनं व्हेनिसला दाद मागितली आणि निकाल एवढाच लागला की चित्र उतरवा, सही उतरवू नका, असं कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो. वासारी गोष्ट रंगवून सांगणारा माणूस, तेव्हा हे थोडं हातचं राखूनच घ्यावं. पण मार्कान्टोनिओच्या ‘धाकट्या’ मालिकेच्या नकलांत सहीची पाटी आहे आणि ती कोरी आहे. शतक सरताना हार्लेमचा हेन्ड्रिक गोल्ट्सियुस आला. लहानपणी भाजलेल्या त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट उघडत नसत, आणि ब्युरिनच्या मुठीला नेमका तसाच हात लागतो. 1590च्या दशकात त्यानं लुकासच्या धाटणीत बारा पत्र्यांची मालिका कोरली, निव्वळ दाखवायला की जुन्या उस्तादाच्या हातानंही मला लिहिता येतं. चित्रं देखणी आहेत. मला ती थोडी थंड वाटतात.

या पुस्तकातलं शेवटचं पान छापचित्र नाही, कुंचल्याचं काम आहे, आणि ते युरोपात झालेलं नाही. 1579मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री पुढच्या वर्षी फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले, बरोबर अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल घेऊन. त्यानंतर युरोपी छापचित्रं मुघल चित्रशाळेत येत राहिली. शहजादा सलीमच्या पदरी आका रिझा नावाचा इराणी चित्रकार होता. त्याचा मुलगा अबुल हसन, पुढे जहांगीर झालेला सलीम ज्याला ‘नादिर-उझ-जमान’ हा किताब देणार होता तो. 1600मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यानं एक छोटं चित्र केलं. ते आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे, आणि मूळ आहे ड्युररच्या तांब्यावरच्या मालिकेतला 1511चा क्रूसावरच्या मरणाचा पत्रा. त्या पत्र्यात क्रूस आहे, ख्रिस्त आहे, कोसळलेली माणसं आहेत. मुलानं त्यातलं काहीच घेतलं नाही. क्रूसाच्या बाजूला उभा असलेला योहान तेवढा उचलला. मान वर, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट पिळलेली, अंगावर जड झगा. ड्युररनं त्या झग्याच्या घड्या शेकडो आडव्यातिडव्या रेघांनी कोरल्या होत्या. पोरानं केसाएवढ्या कुंचल्यानं त्यांची मऊ सावली केली. योहान वर पाहतो आहे. वर कोरा कागद आहे.